तीन पिढ्यांचं माथेरान

मुंबई-ठाण्याकडच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेली आणि लहानपणी माथेरानला न गेलेली बाई शोधून सापडायची नाही! काश्मीर, सिमला ही नावं आपण भूगोलाच्या पुस्तकात पाठ केली. पाय लागले ते माथेरानला. जवळ, खिशाला झेपणारं, आणि शनिवार-रविवारला जोडून दोन रजा टाकल्या की जमणारं. आमच्या घरी तर 'हवा खायला जाणं' म्हणजे माथेरान, दुसरा अर्थच नव्हता. १९९५ ते २००१ अशी सलग सात वर्षं आम्ही मे महिन्यात तिथे गेलो. बाबा बँकेत होते. बँकेचं एक हॉलिडे होम होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे सामाईक स्वयंपाकघर. नंबर लागला की बाबा ऑफिसातून येताना पेढे आणायचे, इतकं त्याचं अप्रूप!

मग दहावी, बारावी, कॉलेज, बी. ए., लग्न, मुलगी, आणि दुपारच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणं. माथेरान मागे पडलं ते पडलंच. गेल्या नाताळच्या सुट्टीत, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, पुन्हा जायचं ठरलं त्याला कारण आई. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून आईने घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलंच होतं. भाजी, देऊळ आणि दूधवाला, एवढंच तिचं जग. गुडघे दुखतात ही सबब कायम तयार. शेवटी आमच्या चौथीतल्या कन्येने आजीपुढे बसकणच मारली. "आजी, तू नाही तर मी पण नाही." आई म्हणाली, "बरं बाई, चला. पण मला तिथे कुठे फिरवू नका. मी खोलीत बसून राहीन." ह्यांना रजा मिळाली नाही. तेव्हा आम्ही तिघीच निघालो : सदुसष्टची आई, सदतीसची मी आणि नऊची लेक.

डोंबिवलीहून लोकलने नेरळ, आणि नेरळहून आपली ती झुकझुक गाडी. ती गाडी म्हणजे माझ्या बालपणाचा अर्धा हिस्सा. लेकीला सांगायला म्हणून मी जरा वाचून गेले होते. मास्तरीण ना, सवय जात नाही! सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधून काढला. रूळ दोन फुटांचे, अंतर सुमारे एकवीस किलोमीटर. एवढं अंतर काटायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो, कारण गाडी डोंगराला वळसे घालत घालत चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं. मध्ये एकच बोगदा, त्याचं नाव 'वन किस टनेल'. आमच्या लहानपणी तो आला की बाबा मोठ्याने घोषणा करायचे आणि आई खिडकीबाहेर बघायची!

या गाडीचंही आपल्यासारखंच आहे हो, आजारपणं काढत काढत चाललीय. २००५ च्या जुलैतल्या महापुरात मार्ग खचला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, २०१८ मध्ये पुन्हा सुरू. २०१९ च्या पावसाने परत नुकसान केलं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा नेरळहून वर जाऊ लागली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. तिकिटं मोजकी. आम्ही पहाटेची लोकल पकडून रांगेत उभं राहिलो म्हणून जागा मिळाली. नाहीतर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं, आणि तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून शटल गाडीने.

दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून आले, पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात इथे बंगले उभे राहिले. मोटारींचा सुळसुळाट झाला तरी माथेरानने त्यांना आत घेतलं नाही. २००३ मध्ये सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. म्हणून स्टेशनवर उतरलं की पहिल्यांदा कानाला कळतं. हॉर्न नाही, स्कूटर नाही. लेकीने दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "आई, इथे कर्फ्यू आहे का?" आताच्या मुलांना शांतता म्हणजे कर्फ्यूच वाटणार! मी म्हटलं, "नाही गं, इथे असंच असतं."

तांबडी माती मात्र तीच. जांभ्या दगडाचा डोंगर, त्यामुळे पायाखाली सगळं लालेलाल. लहानपणी आम्ही परत आलो की आई आठवडाभर कपडे धूत असायची. मुख्य रस्त्याच्या काही भागावर आता पेव्हर ब्लॉक बसवलेत, आतल्या वाटा अजून मातीच्या आहेत. बाजारात चिक्कीची आणि चपलांची दुकानं तशीच. आमचं हॉलिडे होम आता राहिलेलं नाही. तिथे तीन मजली हॉटेल उभं आहे. आवारातलं जांभळाचं झाड तेवढं ठेवलंय. आईने झाडाकडे बघितलं आणि म्हणाली, "याच्या मागे स्वयंपाकघर होतं." मला पडवी आठवली, झोपाळा आठवला. आईला स्वयंपाकघर.

आम्ही उतरलो ते बाजारापासून जवळच, जेवणखाणासह असलेल्या एका साध्या लॉजमध्ये. दुपारी ताटं पुढ्यात आली. आमटी, भात, बटाट्याची भाजी, पापड. आई ताटाकडे बघत बसली. म्हटलं, तब्येत बरी नाही की काय! तर म्हणाली, "माथेरानात आयतं ताट आज पहिल्यांदा मिळालं बघ."

मग जेवता जेवता तिने जे सांगितलं, ते मला नवीन होतं. हॉलिडे होममध्ये खानसामा नव्हता. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून आई शिध्याची तयारी करायची. तांदूळ, डाळ, भाजलेला रवा, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, लोणच्याची बरणी, वर कुकर. वर पोचलं की आधी ओटा धुवायचा, मग दूध कुठे मिळतं त्याचा तपास, पाण्याची वेळ विचारायची. बाबा आम्हा दोघा भावंडांना घेऊन सकाळी एका पॉइंटला, संध्याकाळी दुसऱ्या पॉइंटला. आम्ही परत यायचो ते भुकेने कावलेले, आणि गरम वरणभात तयार असायचा. "पॅनोरमाचा सूर्योदय, पॉर्क्युपाइनचा सूर्यास्त, सगळं तुमच्या तोंडून ऐकलंय मी," आई हसत म्हणाली. "सात वर्षांत एकदा बाजार आणि एकदा पिसारनाथाचं दर्शन. तेसुद्धा तुम्ही झोपला होतात म्हणून."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तेव्हाच्या बायकांना ती तक्रार वाटतच नसे. सहलीला गेलं तरी चूल बरोबर असते हे गृहीतच होतं. पण लेकीने घास हातात धरून विचारलं, "म्हणजे आजी, तू माथेरान बघितलंच नाहीस?"

आई काहीच बोलली नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर मात्र आपणहून उठली आणि चपला घातल्या.

आता प्रश्न गुडघ्यांचा! बाजारापासून शार्लट लेक आणि त्यापुढचा एको पॉइंट, ही वाट धडधाकट माणसाला काहीच नाही. आईसाठी ती तासाची. आम्ही गेलो तेव्हा माथेरानात माणसांनी ओढायच्या हातरिक्षा होत्या. पुढे एकजण दांडा धरून ओढायचा, मागून एकदोघं ढकलायचे. बाबांचा एक नियम होता : माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचं नाही. सामानासाठी हमाल करायचे, त्याला घासाघीस न करता पैसे द्यायचे, पण रिक्षा नाही. एका वर्षी धाकट्या भावाला ताप आला तेव्हा त्यांनी त्याला स्टेशनपर्यंत पाठीवर नेलं होतं. त्या नियमाचा मला लहानपणापासून अभिमान आहे.

म्हणून आम्ही चालत निघालो. आईचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा नातीच्या. दर शंभर पावलांवर थांबायचं. थांबल्यामुळे एक फायदा झाला. मी लहानपणी ज्या वाटेने पळत गेले होते, ती वाट पहिल्यांदा धड बघितली. हिरड्याची आणि जांभळाची झाडं, वर फांद्यांची कमान. एका झाडावर लेकीला शेकरू दिसलं! तांबूस, झुपकेदार शेपटीचं, या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेणारं. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी तो. पुस्तकात दहा वेळा बघितलेला, प्रत्यक्षात तिने पहिल्यांदा पाहिला आणि तोंडावर हात दाबून उभी राहिली, पळू नये म्हणून. माकडांना मात्र अशी लाज नाही. तिच्या हातातला वेफर्सचा पुडा त्यांनी केव्हा लांबवला ते कळलंसुद्धा नाही.

शार्लट लेक म्हणजे गावच्या पिण्याच्या पाण्याचं तळं. बांधावर दहा मिनिटं टेकलो, आईने पिसारनाथाला लांबूनच हात जोडले, आणि एको पॉइंट गाठला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर कडे, खाली खोल दरी, पलीकडे एकामागे एक निळ्या रांगा. लेकीने "आजीऽऽ" अशी हाक मारली आणि दरीनेही आजीला हाक मारली. आई कठड्याला धरून उभी होती. खूप वेळ. मग हळूच म्हणाली, "एवढं मोठं असतं होय हे! तुम्ही सांगायचात तेव्हा मला वाटायचं, पोरं आहेत, वाढवून सांगतायत." पदराने डोळे टिपले आणि लगेच म्हणाली, "वारा लागला डोळ्यांना."

परतताना मात्र तिचा उजवा गुडघा अडून बसला. अंधार पडायला लागलेला, वाट मातीची, पाऊल उचलेना. तेवढ्यात एक रिकामी हातरिक्षा बाजाराकडे चाललेली दिसली. तिघं होते. पुढचा पन्नाशीचा, मागचे दोघं तरुण. "बसवू का आजींना?" त्यांनी विचारलं. मी गप्प. लेक माझ्याकडे बघते आहे, कारण आजोबांची गोष्ट मीच तिला येताना गाडीत सांगितलेली! आई म्हणाली, "तुझ्या बाबांचे गुडघे चांगले होते गं." आणि त्या माणसाकडे वळून म्हणाली, "बसते. पण चढ आला की थांबवा, मी उतरेन."

चढ आला तेव्हा त्यांनी थांबवलं नाही, आणि तिला उतरताही आलं नसतं. आम्ही दोघी बाजूने चालत होतो. पुढच्या दादांचा श्वास ऐकू येत होता. लेकीने विचारलं, "काका, तुमचे पाय नाही दुखत?" ते म्हणाले, "दुखतात ना. रात्री तेल लावतो." मग बोलता बोलता बरंच कळलं. वीस वर्षांहून जास्त काळ ते हेच काम करतायत. माथेरानातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये परवानगी दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चाचणी म्हणून काही ई-रिक्षा सुरू झाल्या. पुढे २०२५ च्या ऑगस्टात तर न्यायालयाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांची सोय लावा. आम्ही गेलो तेव्हा ती मुदत सरायची होती.

"चांगलंच झालं ना मग?" मी विचारलं. ते म्हणाले, "चांगलं तर झालंच, ताई. पण गाडी माझ्या हातात आली म्हणजे झालं. ही गेली आणि ती दुसऱ्याच कुणाला मिळाली, तर मी काय करू? म्हणून वाटतं, बंद करा, पण आधी द्या." यावर मला उत्तर सुचलं नाही. बाबांचा नियम बरोबरच होता. आणि त्या संध्याकाळी या तिघांनी माझ्या आईला खोलीपर्यंत आणून पोचवलं, हेही खरंच होतं. आईने ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले आणि वर नातीकडून खाऊच्या डब्यातल्या चार गूळपोळ्या त्यांच्या हातावर ठेवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी दस्तुरीकडे जाताना आम्ही ई-रिक्षातच बसलो. दप्तर पाठीला लावलेल्या दोन शाळकरी मुली शेजारी होत्या. पूर्वी रोजचा कितीतरी रस्ता तुडवायला लागायचा, असं त्यांच्या बरोबरच्या बाई सांगत होत्या. बाळंतपणाच्या बाईला खाली न्यायचं तर जीव टांगणीला. आपण पाहुणे दोन दिवस शांततेचं कौतुक करतो. तिथे राहणाऱ्यांना बारा महिने तिची किंमत मोजावी लागते, हे त्या पाच-दहा मिनिटांत समजलं. घोडेवाल्यांची भीती वेगळी, त्यांचं पोट पायी रस्त्यांवर चालतं. प्रत्येकाचं आपापल्या परीने खरं आहे. पण त्या दोन मुलींना दप्तर घेऊन बसलेलं बघून मला बरं वाटलं, एवढं मात्र सांगते.

आणखी एक गोष्ट. लेकीला माथेरान म्हणजे नुसते पॉइंट आणि चिक्की वाटू नये म्हणून मी तिला हुतात्मा भाई कोतवालांची गोष्ट सांगितली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १९१२ मध्ये इथेच, एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. शिकून वकील झाले. शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडू नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठारं काढली, गावोगाव शाळा सुरू केल्या. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. जिथे बाकीचे हवा खायला येतात, तिथल्या मुलाने देशासाठी प्राण दिले! लेक म्हणाली, "हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात का नाही?" मी म्हटलं, "आता तुला माहीत आहे ना, तू वर्गात सांग."

मैत्रिणींनो, जाणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. नेरळच्या गाडीसाठी लवकर पोचा. नाही मिळाली तर दस्तुरीहून शटल आहे. मुलांना टॅक्सीच्या घाटात मळमळतं, तेव्हा पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही नको. आवळासुपारी किंवा लिंबाची फोड जवळ असू द्या. चपला नकोत, बुटांचे तळवे न घसरणारे हवेत, कारण मातीवर बारीक खडी असते. पांढरे कपडे नेऊच नका. लाल माती लागलेले कपडे आधी कोरडेच झटकायचे, मग गार पाण्यात वेगळे भिजवायचे. एकदम साबण लावला तर डाग बसतो. खायच्या वस्तू बंद पिशवीत, माकडांच्या नजरेआड. घोडा ठरवताना कुठवर, किती वेळ आणि किती पैसे हे आधी स्पष्ट बोला, आणि मुलाला घोड्यावर एकटं सोडू नका. रात्री कड्याकडच्या वाटांना जाऊ नका. टॉर्च हवाच.

पाचवी गोष्ट माझ्याकडून. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर न्या, आणि शिधा मुळीच नेऊ नका. जेवणासकट राहण्याची जागा घ्या, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. एखादी साडी कमी घ्या. तिने कुठलं गाव 'बघितलंय' आणि कुठल्या गावात नुसता स्वयंपाक केलाय, हे एकदा बसून विचारा. आमच्या घरी ती यादी काढली, तर महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि पंढरपूरसुद्धा दुसऱ्या रकान्यात निघाले!

आईचे गुडघे अर्थातच बरे झालेले नाहीत. आल्यावर दोन दिवस शेक चालू होता. पण तिसऱ्या दिवशी नातीला घेऊन ती बाजारात गेली आणि कॅनव्हासचे बूट घेऊन आली. साडीवर बूट कसे दिसतील, असं मी म्हणणार होते, त्याआधीच तिने विचारलं, "पॉर्क्युपाइनला गाडी कुठवर जाते गं?"